नव्या गाडीचा भाव कसा करायचा: बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींसाठी

बैलबाजारातला सौदा आपल्याकडच्या बहुतेकांनी लहानपणी बघितलेला असतो. हेडी, म्हणजे बैलांचा दलाल, आणि शेतकरी टॉवेलाखाली हात घालतात, बोटं दाबतात, मान हलवतात आणि बाजूला उभ्या माणसाला बैल किती हजाराला गेला याचा पत्ताही लागत नाही. गाडीच्या शोरूममध्ये गेलं की सगळं त्याच्या उलट वाटतं. एसी, काचा, चहा, कॉम्प्युटरमधून निघालेला छापील कागद. पण खरा आकडा तिथंही टॉवेलाखालीच असतो. फक्त तो दहा-बारा ओळींत वाटून ठेवलेला असतो.

माझी पहिली गाडी मी तशीच घेतली. शोरूमचं नाव सांगत नाही. "सर, तुमच्यासाठी 25 हजार सोडलेत," असं म्हटल्यावर मी गार झालो आणि सही करून मोकळा झालो. महिन्याभरानं निवांत कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं की तोच इन्शुरन्स बाहेर 14 हजारांनी कमी पडला असता, न मागितलेल्या अ‍ॅक्सेसरीज 18 हजारांच्या होत्या आणि हँडलिंगच्या नावाखाली साडेसहा हजार गेले होते. म्हणजे एका हातानं 25 दिले आणि दुसऱ्या हातानं साडेअडतीस काढून घेतले. दुसरी गाडी घेताना मी डिस्काउंट हा शब्दच तोंडातून काढला नाही. किल्ली हातात येईपर्यंत खिशातून एकूण किती जाणार, एवढंच विचारत राहिलो. खाली सांगतोय ते त्या दुसऱ्या वेळचं.

आधी घरात बसून

शोरूममध्ये पाय ठेवायच्या आधी मॉडेल, व्हेरियंट, इंधन आणि रंग ठरवा. तिथं जाऊन ठरवायला लागलात की व्हेरियंट वर सरकतो. सनरूफ, टू-टोन रंग, मोठा स्क्रीन असं करत करत साडेसात लाखांची गाडी नऊच्या घरात जाते, आणि मग पाच हजारांच्या घासाघिशीला काही अर्थ उरत नाही.

छोटी गाडी म्हणजे काय याची सरकारी व्याख्या लक्षात ठेवा: लांबी 4 मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर 1500 सीसीपर्यंत. या गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. त्याआधी 28 टक्के आणि वर सेस होता. त्यामुळं त्या तारखेच्या आधीचं कोणाचं कोटेशन, जुना व्हिडिओ किंवा मेहुण्यानं "मला एवढ्याला पडली" म्हणून सांगितलेला आकडा आता रद्दीत टाका. कंपनीच्या वेबसाइटवर आजची एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरायच्या आधीची किंमत, बघा आणि वहीत लिहा. घासाघीस तिथून पुढं सुरू होते, कारण एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते.

आता कर्नाटकातला रोड टॅक्स, म्हणजे लाइफटाइम टॅक्स. 5 लाखांपर्यंतच्या गाडीला 13 टक्के, 5 ते 10 लाखांना 14, 10 ते 20 लाखांना 17 आणि त्यावर 18. या कराच्या डोक्यावर सेस वेगळा. इथं एक खड्डा आहे. पायरी ओलांडली की वाढीव दर फक्त वरच्या रकमेवर लागत नाही, तो सगळ्या किमतीला लागतो. 9 लाख 95 हजारांच्या गाडीला 14 टक्क्यांनी 1,39,300 रुपये कर होतो. तीच गाडी टू-टोन रंगामुळं 10 लाख 5 हजारांवर गेली की 17 टक्क्यांनी 1,70,850. म्हणजे दहा हजारांच्या रंगापायी साडेएकतीस हजारांचा जादा कर, सेस वेगळाच. शिवाय 10 लाखांच्या वर गाडी गेली की 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊ घ्यायचा इन्कम टॅक्स, कापतात. तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण आधी खिशातून जातोच. दहाच्या काठावर असाल तर खालचा व्हेरियंट घ्या, असं मी बेधडक सांगेन.

कोटेशन सोलून काढा

सगळी खरी कमाई इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

शोरूममध्ये गेल्यावर छापील, ओळवार कोटेशन मागा. "आधी टेस्ट ड्राइव्ह घ्या, मग बोलू," असं म्हणाले तरी कागद घेतल्याशिवाय उठू नका. कागद हातात आला की पेन काढून प्रत्येक ओळीपुढं खूण करा: ही सरकारी, ही कंपनीची, ही शोरूमची. पहिल्या दोन प्रकारांत घासाघीस करून उपयोग नाही. तिसऱ्यात करायची.

"आरटीओ चार्जेस" अशी एकच मोठी रक्कम लिहिलेली असेल तर ती फोडून मागा. त्यात लाइफटाइम टॅक्स किती, नोंदणीची फी किती, कर्ज असेल तर बोजा चढवायची फी किती? केंद्राच्या नियमानुसार खाजगी कारच्या नोंदणीची फी 600 रुपये आणि बोजा नोंदवायची 1,500 रुपये. करात त्यावरचा सेस, हे आणि स्मार्ट कार्डचे थोडे पैसे मिळवून जो आकडा येतो, त्याच्यावर जे काही असेल ते एजंटाचं आणि शोरूमचं. "एजंटाला द्यावे लागतात सर," असं सांगतील. देऊ देत, त्यांच्या खिशातनं. नंबर प्लेटची वेगळी ओळ दिसली तर खोडा, कारण 1 एप्रिल 2019 पासून बनलेल्या नव्या गाडीबरोबर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट येतेच.

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो, फॅसिलिटेशन ही सगळी एकाच पोराची नावं. कंपनीच्या कारखान्यातून गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. ही ओळ पूर्ण काढायला लावा. "सगळेच घेतात" हे उत्तर नव्हे.

आता इन्शुरन्स. नव्या खाजगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा सक्तीचा आहे, हा नियम सप्टेंबर 2018 पासून आला. त्याचा हप्ता सरकारी दरानं ठरतो. जून 2022 पासून लागू झालेल्या दरानं 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला तीन वर्षांचे 6,521 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीला 10,640 रुपये, वर जीएसटी. तो कुठल्याही कंपनीकडं तेवढाच. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात आणि वरच्या अ‍ॅड-ऑनमध्ये. शोरूमला इथं चांगलं कमिशन असतं, म्हणून ही ओळ फुगलेली असते.

काय करायचं, तर त्याच गाडीचं, त्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेली गाडीची किंमत), त्याच अ‍ॅड-ऑनचं कोटेशन ऑनलाइन किंवा ओळखीच्या एलआयसीवाल्याच्या जनरल इन्शुरन्सवाल्या भावाकडून काढा आणि टेबलावर ठेवा. आयडीव्ही सारखीच बघायची, नाहीतर आयडीव्ही कमी करून हप्ता कमी दाखवण्याची खोड असते. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कुणाला करता येत नाही. माझा अनुभव असा की बाहेर जायची वेळ बहुधा येत नाही. दुसरा कागद बघितला की त्यांचा आकडा आपोआप खाली येतो. तसं झालं तर शोरूमचाच घ्या, क्लेमच्या वेळी कॅशलेसला सोपं जातं. झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घट न कापता क्लेम देणारं कव्हर, घ्याच. टायर कव्हर, किल्लीचं कव्हर, सामानाचं कव्हर मी काढून टाकलं. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा आधीच्या दुसऱ्या गाडीवर असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं लिहून द्या.

घरात जुनी गाडी होती आणि तिचा क्लेम कधी घेतला नव्हता, तर नो क्लेम बोनस नव्या गाडीवर आणता येतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर 50 टक्के सूट. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. हे बरेच जण विसरतात आणि शोरूमवाला आठवण करून देत नाही.

अ‍ॅक्सेसरीजचं "बेसिक किट" सक्तीचं असतं, असं तोंडी सांगतात. लेखी मागा, मिळणार नाही. मॅट, मड फ्लॅप, सीट कव्हर बाजारात कुठंही मिळतं. खानापूरकडच्या माणसाला हमखास "तुमच्याकडं पाऊस फार, अंडरबॉडी कोटिंग पाहिजेच" असं सांगतात. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस खरा, त्यात वाद नाही. पण गंजाविरुद्धचं काम कंपनी कारखान्यातच करते, आणि शोरूमचं कोटिंग वॉरंटीत कुठं बसतं ते आधी विचारा. तरी करायचंच असेल तर ते सौद्यात फुकट मागायची वस्तू म्हणून शेवटाला राखून ठेवा.

तीन ठिकाणचे कागद

एका शोरूमच्या आत बसून भाव होत नाही. त्याच मॉडेलची बेळगावातली दोन, नाहीतर एक बेळगावचं आणि एक हुबळीचं, आणि निपाणी-चिकोडीकडचे असाल तर कोल्हापूरचं, अशी किमान तीन कोटेशनं गोळा करा. निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटर आणि बेळगाव 75, म्हणून तिकडची माणसं तसंही कोगनोळीचा टोल भरून तिकडंच जातात. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन मागवलं तरी चालतं, फक्त ओळवार हवं.

जीएसटी 1 जुलै 2017 ला आला, त्यानंतर एक्स-शोरूम किमतीत राज्याराज्यांत फारसा फरक राहिलेला नाही. तेव्हा कोल्हापूर आणि बेळगाव यांची ऑन-रोड, म्हणजे कर-विम्यासकटची, किंमत समोरासमोर ठेवू नका. करच वेगळा असल्यामुळं ती तुलना फसवी होते. फक्त शोरूमच्या ओळी ताडून बघा: सूट, विमा, हँडलिंग, अ‍ॅक्सेसरीज.

आता सीमाभागातला नेहमीचा प्रश्न. महाराष्ट्रात 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के कर आहे, आपल्याकडं 14. आठ लाखांच्या गाडीला 24 हजारांचा फरक पडतो. मग मामाच्या कागलच्या पत्त्यावर एमएच-09, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, घ्यायची काय? खानापूरकडं हेच गोव्याबद्दल विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणं दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की इथं नोंदवावी लागते. मग एनओसी, इथला कर, तिकडच्या कराच्या परताव्यासाठी हेलपाटे. विम्याच्या कागदावर एक पत्ता, आधारवर दुसरा. आणि विकायला काढली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न "पासिंग कुठलं?" हाच विचारतो. कोल्हापुरात खरोखर नोकरीला राहत असाल तर गोष्ट वेगळी. गाडी कोल्हापूरच्या शोरूमची घेऊन केए-22 (बेळगाव) किंवा केए-23 (चिकोडी) पासिंग करता येतं. तात्पुरत्या नोंदणीवर आणायची आणि कर इथं भरायचा. तिथली सूट या धावपळीला पुरून उरते का, एवढंच बघा.

घरातलं कुणी फौजेत असेल, आणि आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीमुळं गल्लीत एखादा तरी असतोच, तर आधी सीएसडी, म्हणजे लष्करी कॅन्टीनची, किंमत काढा. शोरूमची सूट त्याच्या जवळपासही येत नाही, असं पुष्कळदा होतं. फौजींना बीएच सिरीजचाही, म्हणजे देशभर चालणाऱ्या नंबरचाही, पर्याय आहे. गाडी त्यांच्याच नावावर आणि त्यांच्या वापरासाठी असते, हे मात्र विसरू नका. शिक्षक, बँकवाले, सरकारी नोकर यांना बऱ्याच कंपन्यांची कॉर्पोरेट सूट असते. ओळखपत्र खिशात ठेवा आणि आपण होऊन विचारा. शेतकऱ्यांसाठी काही कंपन्यांची ग्रामीण योजना असते, तिला जमिनीचा उतारा लागतो.

कधी जायचं

दसरा आणि पाडव्याला गाडी घरी यावी असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून त्या आठवड्यात शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते. तेव्हा भाव कोण करणार? भाव करायचा पितृपक्षात. शोरूम ओस असतं, सेल्समन स्वतः फोन करतो. सौदा तेव्हा पक्का करून कागदावर घ्या आणि किल्ली दसऱ्याला घ्या. पितरांचा कोप होत नाही, मी दोनदा बघितलंय. तसाच आषाढ. आपल्याकडं कानडी आणि मराठी दोघंही आषाढात नवी वस्तू घरात आणायला कचरतात, त्यामुळं महिना थंड जातो.

महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस बरे, कारण टार्गेट बाकी असतं. डिसेंबरमध्ये सूट मोठी असते ती जुन्या सालाचा माल उठवायला. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर घ्या. तीन वर्षांत विकणार असाल तर साल एकानं जुनं धरलं जातं, तेवढं वजा करून बघा. आणि उसाचं बिल जमा झालंय, हे शोरूममध्ये बोलू नका.

टेबलावर

पहिला प्रश्न ते विचारतात, "बजेट किती सर?" नाहीतर "महिन्याला किती हप्ता झेपेल?" दोन्हींना उत्तर द्यायचं नाही. हप्ता सांगितला की ते कर्जाची वर्षं वाढवून कुठलीही गाडी त्या हप्त्यात बसवून दाखवतात.

माझं बोलणं साधारण असं झालं:

"अण्णा, हे तुमचं कोटेशन, हे दुसऱ्याचं. या तीन ओळी काढा आणि विमा या आकड्याला आणा. एकूण किती होतंय सांगा."

"सर, एवढं जमत नाही. मॅनेजरला विचारावं लागेल."

"विचारा की. आम्ही चहा घेतो."

तो गेला, दहा मिनिटांनी आला आणि तीन हजार कमी झाल्याचं सांगितलं. मी गप्प बसलो. बायकोनं पर्स उचलली आणि म्हणाली, "चला, चार वाजता हुबळीवाल्याचा फोन येणार होता." खरंच येणार होता. मॅनेजर स्वतः बाहेर आला. तो धारवाडकडचा, मराठी मोडकंतोडकं. "स्वल्प कम्मी माड्री" (थोडं कमी करा) म्हटल्यावर हसला. कानडीनं माणूस मोकळा होतो, बोलायला बरं पडतं. आकडा मात्र दुसऱ्या कोटेशनमुळंच उतरला.

ज्याला गाडी फार आवडलीय त्याला बोलू देऊ नका. मुलांना घरी ठेवा. शेवटी आकड्यावर अडलं तर रोख सूट मागणं सोडा आणि एक्स्टेंडेड वॉरंटी, कोटिंग किंवा मॅट मागा. शोरूमला त्या वस्तू स्वस्तात पडतात, म्हणून सुटतात. ठरलेला एकूण आकडा, रंग, बनावटीचा महिना, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत, हे सगळं सही-शिक्क्यासह लिहून घ्या. बुकिंगचे पैसे शोरूमच्या खात्यावर भरा, सेल्समनच्या फोन-पेवर नाही. रोख घेऊन जाणाऱ्यांसाठी: 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे. पॅन कार्डही लागतं.

कर्ज आणि जुनी गाडी

भाव पक्का होईपर्यंत या दोन्ही गोष्टी टेबलावर आणू नका. तिन्ही एकत्र आल्या की कुठं मिळालं आणि कुठं गेलं ते कळत नाही.

कर्जात "फक्त 7 टक्के" ऐकलं तर फ्लॅट (व्याज पूर्ण मूळ रकमेवर) की रिड्युसिंग (व्याज उरलेल्या रकमेवर), ते विचारा. 6 लाख, पाच वर्षं, 7 टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता 13,500 आणि एकूण व्याज 2 लाख 10 हजार. रिड्युसिंगच्या भाषेत तो दर साडेबारा टक्के होतो. तेच कर्ज बँकेकडून 9 टक्के रिड्युसिंगनं घेतलं तर हप्ता 12,455 च्या आसपास आणि व्याज दीड लाखाच्या आत. आपल्या बँकेचं मंजुरीपत्र आधीच खिशात ठेवा. गावातल्या सोसायटीचा दरही असाच तपासा, ओळखीची आहे म्हणून सोडू नका.

जुनी गाडी आधी बाहेर दोन ठिकाणी दाखवून भाव काढा. एक्स्चेंजमध्ये गाडीची किंमत आणि बोनस वेगवेगळे लिहून मागा, नाहीतर गाडीचे 20 हजार कमी धरून 20 हजारांचा "बोनस" देतात. गाडी एमएच पासिंगची असेल तर इथं भाव पडतो हे गृहीत धरा, ती सरळ कोल्हापूरला विका. आणि नाव बदलल्याची पोच मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

दात बघा

बैलाचं वय दातावरून, गाडीचं चेसिस नंबरवरून. 17 अक्षरांच्या त्या नंबरात बनावटीचं साल आणि महिना दडलेला असतो. त्याची जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून आपल्या मॉडेलची आधी शोधून ठेवा. फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावरही महिना-साल छापलेलं असतं. टायरवर चार आकडे असतात. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. गाडी तीन महिन्यांची आणि टायर वर्षाचे असले तर विचारा.

ही तपासणी नोंदणीच्या आधी करायची, भरदिवसा, उघड्यावर. एकदा नंबर पडला की गाडी तुमची, ओरखड्यासकट. दारांच्या फटी, काचांवरचे कोड, बॉनेटखालचे बोल्ट, किलोमीटर, एसी, सगळ्या खिडक्या बघा. चेसिस नंबर गाडीवर, बिलावर आणि विम्यावर एकच आहे का ते बोट ठेवून वाचा. बाकीचे पैसे त्यानंतर.

डिलिव्हरीच्या दिवशी नारळ, लिंबू आणि हार घरून न्या. माझ्या दुसऱ्या गाडीच्या फायनल बिलात सगळं ठरल्याप्रमाणं होतं, फक्त तळाशी एक नवी ओळ आली होती: पूजा किट, 551 रुपये. ती खोडायला लावली, तेव्हा कॅशियर म्हणाला, "साहेब, हे आजपर्यंत कुणी वाचलं नव्हतं."